फुगीर अक्षराची बाजू

देवळ्याच्या पाचकंदील चौकात उभं राहून नुसती मान फिरवली तरी एक जाड, गोलमटोल, कुठेही टोक न बोचणारं अक्षर पुन्हा पुन्हा समोर येतं. कृषी सेवा केंद्र, मोबाईल शॉपी, रसवंती, क्लासेस, आणि अर्थातच वाढदिवसांचे फ्लेक्स. हे अक्षर चांगलं की वाईट, यावर गावात कोणी सभा भरवणार नाही. पण ज्यांचं पोट अक्षरावर आहे त्यांच्यात यावरून जुंपू शकते, म्हणून हे भांडण मामा-भाचीच्या तोंडी घातलं आहे. मामा जुने पेंटर. पत्र्याच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंती यांवर त्यांचा हात फिरलेला. भाची डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवते. दोघंही कल्पित आहेत, ज्या अक्षरांवर भांडतात ती मात्र खरी. आणि म्हाताऱ्यानं संगणकाच्या अक्षराला नावं ठेवावीत असा जो नेहमीचा हिशेब, तो इथे लागू नाही. फुगीर अक्षराचा कैवार मामांनीच घेतला आहे.

टेबलावर काम आहे दशक्रियेच्या फ्लेक्सचं. खत-बियाण्यांच्या एका दुकानदाराचे वडील वारले. 'भावपूर्ण श्रद्धांजली', फोटो, नाव, तारीख, शोकाकुल परिवार. दुकानदाराची मागणी एकच : आमच्या पाटीवर जे अक्षर आहे तेच टाका.

भाची : मामा, तुम्हीच सांगा आता. मी त्यांना चार साधे, सडपातळ फॉन्ट काढून दाखवले. ते म्हणतात, ताई, ते आपलं जाडं टाका. हे जाडं केकच्या खोक्यावर ठीक आहे, बालवाडीच्या भिंतीवर ठीक आहे. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली ते हसतंय.

मामा : काय वं बाई, अक्षर कधी हसतं का? तू ते केकवर पाहिलंस म्हणून तुला हसताना दिसतं.

भाची : दिसतं ते दिसतं. कोपरा म्हणून कुठे नाही, पोट सुटलेलं, दांड्या आखूड. अशा अंगलटीचा माणूस दारात आला तरी आपण आधी हसतो.

मामा : आणि तोच माणूस सावकार निघाला तर? हसशील? अंगलट पाहून स्वभाव ठरवायचा ही तुझी घाई. मी हे अक्षर रंगवत होतो तेव्हा त्याला कोणी गमतीचं म्हणत नव्हतं. १९९९ साली कळवणातून देवळा तालुका वेगळा निघाला. तालुक्याचं गाव म्हटल्यावर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे दुकानं आली, आणि दुकानाला पाटी लागतेच. दुकानदार मला एकच सांगायचा : पेंटर, लांबून दिसलं पाहिजे. आता चपट्या ब्रशनं वळणदार अक्षर काढलं, रेघ कुठे जाड कुठे बारीक, तर ते जवळून देखणं. पण मोटरसायकलवरून जाणाऱ्याला त्यातली बारीक रेघ दिसतच नाही. त्याला निम्मं अक्षर दिसतं. म्हणून रेघेची जाडी सगळीकडे सारखी ठेवायची.

भाची : ठीक. जाडी कळली. टोकं गोल कशाला?

मामा : कारण ब्रश टेकवला, ओढला आणि उचलला की टोक आपोआप गोल राहतं. चौकोनी टोक हवं तर परत जाऊन दोन्ही कोपरे भरावे लागतात. पत्र्यावर एनॅमल, वर ऊन, आणि दुकानदार तासातासानं विचारतोय, झालं का. गोल टोक हे तुला लाडिक वाटतं, माझ्यासाठी ती मजुरीची बचत होती.

भाची : म्हणजे सोयीनं आलं. मग त्याला देवनागरीचं वळण तरी कशाला म्हणायचं? आपल्या अक्षराचं वळण बोरूतून आलेलं आहे. बोरूचं टोक तिरकं कापायचं, म्हणून एका अंगाची रेघ भरदार आणि दुसऱ्या अंगाची बारीक. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पोथ्या बघा. खिळा शिशाचा, पण आत वळण बोरूचं. ते मोडून सगळी रेघ एकाच जाडीची केली की अक्षराचा कणाच जातो.

मामा : बोरू हातात यायच्या आधी पोरगं काय करायचं?

भाची : काय?

मामा : धूळपाटी. पाटावर धूळ पसरायची आणि बोटानं अ गिरवायचा. बोटाला कुठलं तिरकं टोक? रेघ सगळीकडे सारखी, सुरुवात गोल, शेवट गोल. पुढे दगडी पाटी आली, पाटीवरची पेन्सिल आली. ती झिजून गोलच होते. फळ्यावरचा खडू तसाच. रांगोळीची रेघ तशीच. तू म्हणतेस तो बोरू कारकुनाचा, पोथी लिहिणाऱ्याचा. साऱ्या गावानं अक्षर शिकलं ते बोटानं. मग गोल टोकाचं अक्षर परकं कसं?

इथे मामांच्या पारड्यात एक वजन टाकायला हवं. अक्षरांवर लिहिणारे लोक बहुधा पोथी आणि छापखान्याकडे पाहून लिहितात, कारण टिकलं ते तेवढंच. धूळपाटीवरचं अक्षर फुंकर मारली की गेलं. त्यामुळे बोरूच्या घराण्याची वंशावळ सापडते आणि बोटाच्या घराण्याची सापडत नाही. शाळांच्या 'बोलक्या भिंती' रंगवणाऱ्या पेंटरांनी अ-आ-इ-ई जाड, गोल रेघेत काढलं तेव्हा त्यांनी कुठल्या फॉन्टची नक्कल केलेली नव्हती. भाची मात्र एवढ्यावर ऐकणारी नाही, आणि पुढचा मुद्दा तिचा बिनतोड आहे.

भाची : गोल म्हणजे जाड नव्हे, मामा. या दोन गोष्टी तुम्ही एकात गुंडाळताय. धूळपाटीवर अक्षर वीतभर आणि रेघ बोटाएवढी. आत मोकळं रान असतं. या फुगीर अक्षरात रेघच एवढी रुंद की आत पांढरं उरतं किती? इकडे या, स्क्रीनवर मोठं करून दाखवते. 'श्रद्धांजली'. श्र बघा : श ची गाठ, तिच्याखाली र ची तिरकी रेघ, दोन्ही एकमेकांत बसल्या. आता द्ध. द च्या पोटात ध बसवायचा, ध ला स्वतःची दोन वळणं. जाडी वाढवली की हा सगळा भाग एक गोळा. फक्त शेवटचा 'ली' स्वच्छ वाचता येतो.

मामा : हं. हे अक्षर तू कुठून घेतलंस?

भाची : श्रीलिपीतलं साधं अक्षर घेतलं, कोरलमध्ये त्याला त्याच रंगाची आउटलाइन दिली, कोपरे गोल केले. सगळे असंच करतात.

मामा : मग शिव्या अक्षराला कशाला देतेस? ते जाड नाही, सुजलेलं आहे.

भाची : म्हणजे?

मामा : आउटलाइन बाहेरच्या अंगाला जेवढी वाढते तेवढीच आतल्या अंगाला. बाहेर जागा आहे, आत कुठे आहे? मी पाटीवर जाड अक्षर काढताना आधी आतला पांढरा आखून घ्यायचो. खडूनं पोटाची जागा धरायची आणि तिच्याभोवती रंग फिरवायचा. जाडी सगळी बाहेर ढकलायची. अक्षर रुंद होतं, होऊ दे. माथ्याची रेघ दांडीपेक्षा जरा पातळ ठेवायची, नाहीतर वरनं छप्पर पडल्यासारखं वाटतं. आणि दोन रेघा जिथे मिळतात तिथे आतून थोडं कोरायचं. पाहणाऱ्याला कळत नाही, पण वाचता येतं.

मामांना माहीत नाही, पण ते जे सांगताहेत तेच अक्षर घडवणारे संगणकावर करतात. २०१५च्या आगेमागे मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाचे दोन देवनागरी टंक गूगलच्या मोफत संग्रहातून लोकांच्या हाती आले. त्यातला 'मोदक' सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. देवनागरीत इतकं लठ्ठ अक्षर क्वचितच कोणी केलं असेल. त्यात पोटातला पांढरा जवळजवळ संपतो आणि चिरेसारख्या बारीक फटी उरतात. पण कुठली फट ठेवायची आणि कुठली बुजवायची याचा विचार इतका बारीक आहे की चार हात लांबून ठळक शब्द वाचता येतो. दुसरा 'बलू'. जंगल बुकातल्या अस्वलाच्या नावाचा, अंगानं भरलेला, कडा मऊ, पण मोदकाइतका टोकाला न गेलेला. बलूची भावंडं इतर भारतीय लिप्यांतही आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्या त्या मुलखातला भाऊ जोडलेला आहे : गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरुमुखीत पाजी, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन, उर्दूत भाईजान. ज्या अक्षरात महाराष्ट्रात गल्लोगल्लीच्या भाऊंचे वाढदिवस साजरे होतात त्याच्या घराण्यात सगळे भाऊच निघावेत, हा योगायोग मला फार आवडतो.

भाची : बलू आहे माझ्याकडे. पण तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. तो युनिकोड. गिऱ्हाइकाचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर उचलून थेट टाकता येतो, हे खरं. पण जुन्या कोरलमध्ये युनिकोड देवनागरी टाकली की वेलांटी पळते, जोडाक्षर फुटतं. म्हणून अर्धी दुकानं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर आणि आउटलाइनवर. आणि छपाई मालेगावला किंवा नाशिकला. फाईल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची आकृती करून, पाठवली नाही तर तिकडे भलतंच अक्षर उमटतं.

मामा : ते तुझं तू बघ. मला एवढंच म्हणायचंय की जाड अक्षर घडवलेलं आणि जाड अक्षर फुगवलेलं, यांना एकाच दावणीला बांधू नको.

भाची : बरं, घडवलेलं घेऊ. तरी भ आणि म चं काय कराल? भ च्या माथ्यावर रेघ तुटलेली असते आणि तिथे छोटी गाठ. म ची रेघ सलग. फरक तेवढाच. ध आणि घ चं तेच. रेघ जाड झाली की ती तूट मिटायला कितीसा वेळ? एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचा माऊ झालेला मी डोळ्यानं पाहिलाय. लोकांनी फोटो काढून गावभर फिरवला.

मामा : (हसत) माझ्या हातून नाही झालं तसं कधी. भ ची तूट मी मुद्दाम मोठी ठेवायचो. गाठ जरा वर उचलायची. शाळेत मास्तरांनी गुण कापले असते, पण पाटीवर शोभायचं.

भाची : तुम्ही एका पाटीसाठी एक भ काढत होता. शेजारी अ आहे की ऊ, हे तुम्हाला दिसत होतं. फॉन्टमधला भ कुठेही जाऊन बसणार. 'भाऊ'त, 'भेंडी'त, 'भ्रष्ट'मध्ये. त्याला शेजारी माहीत नाही. कमल शेडगे मराठी नाटकांची नावं काढायचे, एकेका नाटकाला एकेक अक्षर. नाटकाचा स्वभाव त्या चार-पाच अक्षरांत उतरायचा. त्यांना ते जमलं, कारण तीच अक्षरं त्यांना पुन्हा दुसरीकडे वापरायची नव्हती. फॉन्टकडून तीच अपेक्षा धरली तर चालत नाही. एका प्रसंगाचा स्वभाव घेऊन जन्मलेलं अक्षर शंभर प्रसंगांना पाठवलं की कुठेतरी लाज जाणार.

हा मुद्दा मला या सबंध वादातला सगळ्यात जड वाटतो. शेडगे २०२० साली गेले. त्यांच्या शीर्षकाक्षरांची पुस्तकं आहेत, ती चाळताना जाणवतं की प्रत्येक अक्षर आपल्या शेजाऱ्याला ओळखून आहे. पाटी रंगवणारा पेंटरही त्याच जातकुळीतला. टंक घडवणाऱ्याचं काम वेगळं. त्याला न पाहिलेल्या शब्दांसाठी अक्षर करायचं असतं. म्हणून शीर्षकाचा टंक जितका वल्ली, तितका त्याचा वापर आखूड असावा लागतो. दोन शब्द, फार तर तीन. 'हार्दिक शुभेच्छा'चं उदाहरण घ्या. दि ची वेलांटी वर कमान टाकते, तिच्याच अंगाला रफार येतो, दोन्ही जाड. खाली शु चा उकार लोंबतो, पुढे च्छा. एका ओळीत हे कसंबसं निभतं. दुसरी ओळ खाली आली की वरचा उकार खालच्या मात्रेवर बसतो, आणि ओळींत अंतर वाढवलं तर फ्लेक्सची जागा पुरत नाही. इंग्रजीच्या जाड कॅपिटल अक्षराला ही डोकेदुखी नाही. तिथे मजला एकच. आपल्याकडे माथ्याच्या वर एक मजला आणि पायाखाली एक.

त्यात मराठीची आणखी एक कुरबुर आहे. राज्य शासनानं २००९ साली वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. मराठी ल ला दोन भरीव पाकळ्या, त्यामुळे त्याला हिंदी वळणाच्या ल पेक्षा पोटात जास्त मोकळीक लागते. पुष्कळ टंकांत वर हिंदी वळण असतं आणि मराठी वळण भाषेच्या सेटिंगमागे दडवलेलं. दुकानदार ते सेटिंग शोधत बसत नाही. लोहोणेरच्या पाटीवरचा 'लो' हिंदी वळणाचा दिसला तर दोष बहुधा या सेटिंगचा असतो.

मामा : तू पुस्तकातलं बोलतेस. मी तुला रस्त्यावरचं विचारतो. रात्री दिवा लागणाऱ्या पाट्या कुठल्या अक्षरात चांगल्या होतात?

भाची : एलईडीच्या? जाड. आत दिव्यांची पट्टी बसायला रेघेला रुंदी लागते. बारीक रेघेत दिवे मावत नाहीत.

मामा : आणि कोपरे?

भाची : गोल. अक्षर कापणाऱ्या राउटरचं पातंच गोल, ते आतल्या कोपऱ्यात टोकदार जाऊ शकत नाही. टोकदार हवं तर हातानं घासा.

मामा : म्हणजे माझा ब्रश गेला, मशीन आलं, आणि मशीनलाही गोलच अक्षर सोसतं. मग तुझी तक्रार काय?

भाची : तक्रार अशी की दिवा लागल्यावर उजेड पसरतो. काळ्यावर पांढरं उजळलं की पोटातला काळा आणखी बारीक होतो. दिवसा वाचता येणारं 'केंद्र' रात्री लांबून नुसता उजेडाचा ढीग. म्हणून रात्रीच्या पाटीला एक पायरी कमी जाडीचं अक्षर घ्यावं लागतं. हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता घसा बसतो. त्याला वाटतं, ताई आपलं अक्षर बारीक करून पैसे वाचवतेय.

मामा : पण मोठं अक्षर तर सरकारनंच मागितलंय ना आता?

भाची : मोठं मागितलं, जाड नाही. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लागू केली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं सांगितलं. आता इंग्रजी कॅपिटल अक्षर आणि आपलं अक्षर एकाच उंचीच्या चौकटीत बसवा. आपल्याला वर वेलांटी, खाली उकार. अंगाला उरते निम्मी उंची. कायद्यानं बरोबरी झाली, डोळ्याला मराठी लहानच दिसतं.

मामा : म्हणूनच लोक जाड मागतात! उंचीत कमी पडतं ते जाडीनं भरून काढतात. तुला ती हौस वाटते. मला तर ती अक्कल वाटते.

(भाचीनं यावर थोडा वेळ उत्तर दिलं नाही. माझ्याकडेही ते नाही.)

भाची : बरं, मुद्द्यावर या. पाटीचं मान्य. कांद्याच्या गोण्या उतरवता उतरवता वाचता यावी, मान्य. पण हा दशक्रियेचा फ्लेक्स. इथे मोटरसायकलवरून वाचायचं नाही. इथे माणूस थांबतो, फोटो बघतो, हात जोडतो. इथे हे अक्षर मला आगाऊ वाटतं.

मामा : तुला वाटतं. त्याला का वाटत नाही?

भाची : कारण त्याला कळत नाही.

मामा : असं गिऱ्हाइकाबद्दल बोलू नये. अगं, त्याच्या बापानं दुकान टाकलं तेव्हा पाटी मी रंगवली. पुढे पत्रा गंजला, फ्लेक्स आला, मग दिव्याची पाटी आली. प्रत्येक वेळी म्हाताऱ्यानं सांगितलं, अक्षर तेच ठेवा. पावतीवर तेच, पिशवीवर तेच. या पट्ट्यात कोणी ते अक्षर लांबून पाहिलं की म्हणतं, हे त्यांचं दुकान. त्या माणसाचं नाव आजवर लोकांनी त्याच अक्षरात वाचलंय. आता तो गेला म्हणून त्याचं नाव परक्या अक्षरात लिहायचं? तुझं सडपातळ अक्षर त्यानं आयुष्यात पाहिलं नाही.

इथे लेखकाला मध्ये पडावंसं वाटतं, कारण याच प्रश्नावर सातासमुद्रापारचा एक दाखला आहे. अमेरिकेतल्या शिकागोत ऑस्वाल्ड कूपर यांनी घडवलेलं 'कूपर ब्लॅक' हे काळंभोर, मऊ कडांचं रोमन अक्षर १९२२ साली बाजारात आलं. दूरदृष्टीच्या छापखानेवाल्यांसाठी, ज्यांच्या गिऱ्हाइकांना दूरचं दिसत नाही, अशी त्याची थट्टेनं ओळख करून दिली जायची. ते जाहिरातींसाठी आणि बटबटीत मथळ्यांसाठी होतं. पुढे तेच अक्षर १९६६ साली बीच बॉइज या गायकांच्या 'पेट साउंड्स'च्या वेष्टनावर आलं. ती गाणी चांगलीच हळवी. तेच 'डॅड्स आर्मी' या म्हाताऱ्या शिपायांवरच्या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या शीर्षकात आलं, आणि तेच एका स्वस्त विमान कंपनीच्या विमानांवर. अक्षर एक, आणि त्यातून कोणाला गाणं आठवतं, कोणाला म्हातारे शिपाई, कोणाला तिकिटाचा दर. म्हणजे अक्षराचा स्वभाव म्हणून आपण जे सांगतो त्यातला बराच भाग आपल्या आठवणींचा असतो. महाराष्ट्रात फुगीर अक्षर मुख्यतः वाढदिवस, केक आणि बालवाडी यांतून डोळ्यात भरलं, म्हणून भाचीला ते हसताना दिसतं. ज्या घरानं ते आपल्या दुकानावर वर्षानुवर्षं पाहिलं त्याला त्यात बाप दिसतो. दोघांपैकी कोणाचाच डोळा खोटा नाही.

पण सगळंच आठवणींवर सोडून चालणार नाही. द्ध चा गोळा होतो तो कोणाच्या आठवणीमुळे होत नाही. तिथे अक्षराच्या अंगचीच मर्यादा आहे, आणि त्या बाबतीत मी भाचीच्या बाजूचा.

भाची : तुम्ही असं बोललात की मला वाईट ठरवता. ठीक आहे. नाव त्या अक्षरात टाकते. नावात जोडाक्षर नाही, सुटसुटीत आहे, वाचलं जाईल. पण 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्यात नाही टाकणार.

मामा : मग एका फ्लेक्सवर दोन तऱ्हेची अक्षरं? एक लठ्ठ, एक काडी? ते शोभेल?

भाची : काडी कशाला? बलूची नंतरची आवृत्ती आहे, तिच्यात एका अक्षराच्या पाच जाड्या आहेत. अंगलट तीच, वजन कमी. नाव सगळ्यात जाड, 'श्रद्धांजली' सगळ्यात हलकं. म्हणजे घराणं एकच राहील.

मामा : दाखव. (चष्मा पुढे ओढून) हां. याचा द्ध सुटा आहे. हे बरं शे. पण हे त्याच्या पाटीवरचं अक्षर नाही.

भाची : आताच्या पाटीवरचं आउटलाइन मारून फुगवलेलं होतं, मामा. तेच परत फुगवू का?

मामा : नको. पण त्याला सांगून टाक की थोडं बदललंय. नाहीतर फ्लेक्स लागल्यावर ओळखेल. ती माणसं पाटी विसरत नाहीत.

भाची : सांगते. रंग?

मामा : काळा नको. एवढं जाड अक्षर काळं केलं की फोटो दबतो. करड्यात जा. आणि ते पांढरी किनार, मागे सावली, ते सगळं काढ.

भाची : तुम्ही स्वतः तर प्रत्येक पाटीला सावली मारायचात.

मामा : पाटीला मारायचो. पत्रा सपाट, त्यावर अक्षर उठून दिसायला काहीतरी लागायचं. आणि सावलीचे पैसे वेगळे मिळायचे. इथे फोटो आहे, हार आहे, समई आहे, त्यात अजून काय उठवतेस?

भाची : आणखी एक. तारीखही जाड हवी म्हणतात ते. पाहुणे लांबून येणार, उमराणे, सटाणा, पार चांदवडपासून. तारीख ठळक दिसली पाहिजे.

मामा : बघू. हे ११ आहे की १९?

भाची : १९.

मामा : मला ११ दिसतंय. नऊचा वरचा आकडा बुजलाय. अर्धे पाहुणे आठ दिवस आधी येऊन बसतील.

भाची : मग एक पायरी हलकी करते. पण ते म्हणतील, तारीख बारीक का केली.

मामा : म्हणू दे. आकडा हलका ठेव, शेजारी वार अक्षरात लिही, आणि तो हवा तेवढा जाड कर. 'सोमवार'मध्ये बुजण्यासारखं काही नाही.

भाची : दशक्रिया गुरुवारी आहे, मामा.

मामा : मग रु जरा मोठा करून बघ. र ला उकार आहे. उकाराचं पोट भरत असेल तर वारही हलकाच ठेव.